तिजोरीची किल्ली आणि संचालकाची जबाबदारी

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. दिवाळीच्या सुमारास या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या कष्टाची शिल्लक, शिक्षकाचा पगार, कारकुनाचे निवृत्तिवेतन, शेतकऱ्याचे अनुदान हे सारे आज बँकेच्या खात्यातूनच हाती येते. पूर्वी या खात्यांची खतावणी शाखेच्या कपाटात असे. आज ती दूरच्या शहरातील संगणकात आहे. तलवाड्याच्या खातेदाराला तो संगणक दिसत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या पैशाचे विश्वस्त म्हणून जे खुर्चीवर बसले, त्या संचालकांना व कार्यकारी अधिकाऱ्यांनाही त्या संगणकात काय चालते हे ठाऊक नसेल, तर ती गोष्ट गंभीर मानली पाहिजे.

‘संगणकाचे काम संगणकवाल्यांनी पाहावे’ असा एक समज आपल्या सहकारी आणि व्यापारी संस्थांत रूढ आहे. या समजाची किंमत किती पडते, ते २०१८ या एकाच वर्षात महाराष्ट्राने दोनदा पाहिले.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, सहकारी क्षेत्रातील एक मातब्बर संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला झाला. बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या बँकेच्या मुख्य खतावणीकडे जाण्याऐवजी मध्येच उभारलेल्या खोट्या यंत्रणेकडे वळवल्या गेल्या आणि ती यंत्रणा प्रत्येक मागणीस होकार देत राहिली. सुमारे २८ देशांतून काही तासांत रोकड काढली गेली. सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला पाठवली गेली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. मात्र असे काही घडू शकते, ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर असेच स्विफ्टच्या मार्गाने व सुट्टीचे दिवस साधून गेले होते.

२०१८ च्याच फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील गैरव्यवहार उघडकीस आला. तेथे बाहेरून कोणी शिरले नव्हते. शाखेतूनच स्विफ्टवर हमीचे संदेश जात होते. पण स्विफ्टची यंत्रणा बँकेच्या मुख्य खतावणीशी जोडलेली नसल्याने त्या हमींची नोंद खतावणीत उमटत नव्हती. रक्कम १३ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना या धोक्याचा इशारा दिला होता, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. इशारा तंत्रज्ञांच्या टेबलापर्यंत पोहोचून भागत नाही; खर्च मंजूर करण्याचा आणि काम थांबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांना तो समजावा लागतो.

वस्तुतः यातील मूळ तत्त्व जुन्या बँकिंगला अपरिचित नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, हे शाखेतील शिपायालाही माहीत असते. संगणकात एकाने व्यवहार भरावा व दुसऱ्याने तपासून मंजूर करावा, ही त्याच दोन किल्ल्यांची व्यवस्था होय. पण साहेब रजेवर असताना त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कारकुनाकडे दिला जातो, तेव्हा दोन्ही किल्ल्या एकाच खिशात जातात. तिजोरीच्या बाबतीत ज्याला आपण गुन्हा म्हणू, त्याला संगणकाच्या बाबतीत ‘कामाची सोय’ म्हटले जाते. पुढे काही घडले की चौकशी त्या कारकुनाची होते. ही सोय चालू देणारे मात्र नामानिराळे राहतात.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, शेतकी वा व्यापारी पार्श्वभूमीच्या संचालकाने आता संगणकशास्त्र शिकावे काय? तशी अपेक्षा कोणीच करीत नाही. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला वजनकाटा बनवता येत नसतो. पण काटा खरा आहे की नाही, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. त्याचप्रमाणे कोणाच्या हाती कोणते अधिकार आहेत, सुट्टीच्या दिवशी यंत्रणेवर लक्ष कोणाचे असते, नोंदींची दुसरी प्रत प्रत्यक्ष उघडून कधी पाहिली, हे प्रश्न संचालकाने विचारलेच पाहिजेत. तसेच त्यांची उत्तरे पटण्याइतकी समजही त्याला असली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच बँकांच्या संचालक मंडळांनी सायबर सुरक्षेचे स्वतंत्र धोरण मंजूर करावे असे सांगितले; नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये, कॉसमॉसच्या घटनेनंतर आली. परंतु न वाचता मंजूर केलेला ठराव सुरक्षा देत नाही.

सुरक्षेइतकाच नीतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे ग्रामीण माणूस सावकारीच्या अनुभवातून शिकला. आज तोच अंगठा तो यंत्रावर ठेवून पैसे काढतो. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. म्हणून आवश्यक नसलेली माहिती मागू नये, आधारच्या छायाप्रती उघड्या फडताळात पडू देऊ नयेत, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामास वापरू नये, ही पथ्ये पाळणे संस्थाचालकांचे कर्तव्य ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली आहे. पण दंडाच्या भीतीने पाळली जाणारी पथ्ये फार काळ टिकत नाहीत.

दुसरे कर्तव्य सत्य सांगण्याचे. संगणकावर हल्ला झाल्यास ६ तासांच्या आत कळवावे, असा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार टाकता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम सांगतात. तरीही प्रतिष्ठेच्या काळजीपोटी गोष्ट दडवण्याचा आणि ‘तुम्हीच ओटीपी सांगितला असेल’ म्हणून खातेदाराला परत पाठवण्याचा मोह होतो. तो आवरण्याचे बळ तंत्रज्ञाकडे नसते, ते संस्थेच्या प्रमुखाकडेच असते.

फडातून परतलेला तलवाड्याचा मजूर शाखेच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो संगणकावर विश्वास टाकत नसतो, माणसांवर टाकत असतो. त्या माणसांनी ‘आम्हाला त्यातले काही कळत नाही’ असे म्हणणे यापुढे सबब म्हणून मान्य होता कामा नये.