करातील मेहेरनजर आणि न्यायालय

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात राबणाऱ्या पगारदाराचा आयकर, पगार त्याच्या हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. तेथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न उद्भवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत मात्र कायद्याच्या कलमांइतकेच वजन अधिकाऱ्यांच्या स्वेच्छाधिकाराला असते. मुदत उलटल्यावर आलेला अर्ज दाखल करून घ्यावयाचा काय, व्याज वा दंड माफ करावयाचा काय, अमुक प्रकारच्या उत्पन्नाकडे खात्याने कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे ठरविण्याची मुभा १९६१ च्या आयकर कायद्याने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला व वरिष्ठ आयुक्तांना दिली. २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला तेव्हाही मंडळाचे हे अधिकार कायम राहिले. अशा निर्णयांविषयीचे वाद कोणत्या न्यायासनापुढे चालावेत, हा प्रश्न केवळ वकिलांचा आणि हिशेबतपासनिसांचा नव्हे. सार्वजनिक तिजोरीवर पहारा कोणी करावा, हा तो प्रश्न आहे.

सर्वसाधारण करआकारणीविरुद्ध दाद मागण्याची वाट ठरलेली आहे. प्रथम अपील आयुक्त, नंतर आयकर अपिलीय न्यायाधिकरण, आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाचे एक पीठ पुण्यातही आहे. परंतु १९६१ च्या कायद्यातील ११९ व्या कलमाखाली मंडळाने काढलेल्या आदेशाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपिलाची सोय ठेवलेली नव्हती. उरला तो राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखालील उच्च न्यायालयाचा दरवाजा.

हा दरवाजाही सर्वांना सारखा उघडा नाही. आदेश विरुद्ध गेला की कंपनी नामांकित वकिलांचा ताफा घेऊन न्यायालयात उभी राहते. व्होडाफोनने सुमारे ११ हजार कोटी रुपयांच्या करमागणीविरुद्ध लढा दिला. मुंबई उच्च न्यायालयात ती २०१० मध्ये हरली, तरी २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तो तिचा हक्कच होता. पण मंडळाचा आदेश कंपनीला अनुकूल असेल तर? कंपनी तक्रार करणार नाही, खाते आपल्याच मंडळाला आव्हान देणार नाही. तिजोरीच्या बाजूने बोलणारा पक्षकारच उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणूकदारांना आयकर अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या, तेव्हा १३ एप्रिल २००० रोजी मंडळाने ७८९ क्रमांकाचे परिपत्रक काढले. मॉरिशस सरकारचा निवासाचा दाखला पुरेसा पुरावा मानावा, असा त्याचा आशय होता. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जाण्याचे काम आझादी बचाव आंदोलनाला आणि एका निवृत्त आयकर अधिकाऱ्याला करावे लागले. ३१ मे २००२ रोजी त्या न्यायालयाने परिपत्रक रद्द केले. ७ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. लढाई हरली, परंतु बंद खोलीतला निर्णय लोकांसमोर आला. पुढे २०१६ मध्ये सरकारनेच मॉरिशसबरोबरच्या करारात दुरुस्ती करून भांडवली नफ्यावर कर घेण्याचा हक्क परत मिळविला.

उच्च न्यायालयांवर खटल्यांचे ओझे आहे, न्यायमूर्तींना हिशेबाचे बारकावे ठाऊक नसतात, तेव्हा हे वादही तज्ज्ञ न्यायाधिकरणाकडे सोपवावेत, असे काहीजण म्हणतात. आकडेमोडीपुरते ते मान्य करता येईल. परंतु सत्तेचा वापर कायद्याच्या चौकटीत, समान न्यायाने आणि कारणे देऊन झाला किंवा नाही, हा आकडेमोडीचा विषय नव्हे. उच्च न्यायालयांचे करविषयक अधिकार काढून ते राष्ट्रीय कर न्यायाधिकरणाला देणारा कायदा २००५ मध्ये झाला होता. २५ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो घटनाबाह्य ठरविला. प्रत्येक करविवादात सरकार एक पक्षकार असते. त्यानेच न्यायाधिकरणाच्या नेमणुकांत हात ठेवावा आणि पीठांच्या जागाही ठरवाव्यात, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. समाजवाद्यांनी हा धडा विसरता कामा नये. सरकारी मालकीचा आग्रह धरणे वेगळे, आणि सरकारी मर्जीला मोकळे रान देणे वेगळे.

म्हणून स्वेच्छाधिकाराचे वाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढेच चालावेत. न्यायालयाने मंडळाच्या जागी बसून स्वतः सवलती वाटू नयेत. निर्णय कायदेशीर आहे काय, एवढेच तपासावे. मात्र त्यासाठी कंपन्यांना दिलेल्या प्रत्येक मोठ्या सवलतीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि त्याला आव्हान देण्याचा नागरिकांचा व कामगार संघटनांचा हक्क कायद्यानेच मान्य केला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले, परंतु पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही. पुणेकराला आजही मुंबई गाठावी लागते. कंपनीला त्याचे काहीच वाटत नाही, कामगार संघटनेला वाटते. पुण्यातील खंडपीठाच्या जुन्या मागणीकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

कायद्याच्या अधिकाराशिवाय कर वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचे २६५ वे कलम बजावते. कायद्याच्या कसोटीवाचून कर सोडताही येऊ नये, ही त्याचीच दुसरी बाजू होय. ज्याच्या पगारातून पै न् पै आधीच कापली जाते, त्याला हे विचारण्याचा पहिला हक्क आहे.