हातगाड्या हटवा म्हणणाऱ्यांस

दिल्लीच्या सुखवस्तू वसाहतींतून एक अर्ज वरचेवर फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, मागणी मात्र तीच : वसाहतीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या खाद्यपदार्थांच्या गाड्या हटविण्यात याव्यात. कारणेही ठरलेली असतात. गाड्यांमुळे घाण होते, रहदारी अडते आणि वस्तीला अवकळा येते. या अर्जांवर सह्या करणाऱ्यांत आमचे मराठी बांधवही असतात. म्हणून हा विषय मराठी मासिकात काढणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

गाडी रस्त्यावर उभी राहते ती कोणाच्या गरजेने, हा पहिला प्रश्न. आम्हां सरकारी कारकुनांस मधली सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्या वेळात पोट भरेल आणि खिशाला झेपेल असे अन्न कोण देतो? कचेरीच्या फाटकाबाहेर सायकलीवर पितळी हंडा कलता ठेवून उभा असलेला छोले-कुलचेवाला देतो. जुन्या मारुती व्हॅनचे मागचे दार उघडून राजमा-चावल वाढणारे कुटुंब देते. आमच्यासारखेच चपराशी, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर आणि भाड्याच्या खोलीत स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुले त्यांच्यावर विसंबून आहेत. गाडी हलली म्हणून यांची भूक हलत नाही. तिची किंमत मात्र वाढते.

शिवाय या गाड्या म्हणजे या शहराची वंशावळच होय. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून उद्ध्वस्त होऊन आलेल्या कित्येकांनी पदपथावरच पहिला धंदा मांडला. चित्तरंजन पार्कच्या बाजारात पूर्व बंगाल सोडून आलेल्यांचा फुचका आणि झालमुरी मिळते. मजनूं-का-टीला येथे तिबेटी निर्वासितांचे लाफिंग मिळते. लाजपतनगरात किसलेला मुळा घातलेले रामलाडू खाण्यास गर्दी लोटते. आणि हिवाळ्यात जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांतून दौलत की चाट डोक्यावरच्या परातीतून येते. पाहुणे आले की आपण त्यांस मोठ्या कौतुकाने चांदणी चौकात नेतो आणि परतल्यावर आपल्या दारच्या गाडीविरुद्ध सही करतो. ही रसिकता आम्हांस समजत नाही. ज्या वडापावाचे नाव काढताच परमुलुखात आपला ऊर भरून येतो, तोही १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर गाडीवरच जन्मला, असे सांगतात. त्या वेळी दादरच्या रहिवाशांनी असाच अर्ज केला असता आणि तो मंजूर झाला असता, तर?

आता आक्षेपांकडे वळू. घाण होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला पाण्याचा नळ नाही, कचऱ्याची पेटी नाही आणि उद्या याच जागी उभे राहता येईल याची शाश्वती नाही, त्याच्याकडून स्वच्छतेची अपेक्षा करणे म्हणजे हात बांधून पोहावयास सांगणे होय. अहमदाबादच्या कांकरिया तलावावरील खाद्यबाजाराला २०१८ मध्ये देशातील पहिले स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून मान्यता मिळाली. तेथे विक्रेत्यांना हाकलण्यात आले नव्हते, शिकविण्यात आले होते. रहदारीचे म्हणाल, तर चार चाकांवर कुलूप लावून दिवसभर निपचित पडलेली खाजगी मोटार हातगाडीहून कितीतरी अधिक रस्ता अडविते. तिच्याविरुद्ध मात्र सह्या गोळा होत नाहीत.

राहिला कायदा. कागदपत्रांतच आयुष्य जात असल्याने आम्ही तो वाचला आहे. पदपथावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, दिल्लीच्याच एका खटल्यात सांगितले. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने यासंबंधी कायदा करण्यास बजावले आणि २०१४ मध्ये पथविक्रेता अधिनियम अस्तित्वात आला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही उठवू नये. हलवावयाचेच झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी. माल जप्त केल्यास त्याची यादी द्यावी. नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत करावा, असे तो म्हणतो. नगर पथविक्री समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी चाळीस टक्क्यांहून कमी नसावेत, असेही त्यात आहे. आता महापालिकेची मालमोटार येते तेव्हा काय घडते, ते ज्याने पाहिले असेल त्याने सांगावे. उकडलेल्या छोल्यांची यादी कोणी केली आहे?

विसंगती येथेच संपत नाही. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी कर्जयोजना काढली. पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेसाठी शहर सजविताना विक्रेत्यांना रस्त्यांवरून हटविण्यात आले. एका हाताने भांडवल द्यावयाचे आणि दुसऱ्याने गाडी उचलावयाची, तर कर्ज फेडावे कशातून?

काही सज्जन मधला मार्ग सुचवितात : गाड्यांना एखाद्या कुंपणात न्यावे, दिल्ली हाटासारखे. १९९४ पासूनचे ते स्थळ सुरेखच आहे. आम्हीही सणासुदीस तेथे जातो. परंतु तिकीट काढून आत शिरावयाचे ठिकाण ही सहल झाली, रोजचे जेवण नव्हे. अन्न भुकेच्या वाटेवरच असावे लागते.

वसाहतीतील बांधवांनी अर्ज अवश्य करावा. त्यात आपल्या प्रभागातील सर्वेक्षण पुरे करण्याची, गाड्यांच्या जागा आखून देण्याची, तेथे एक नळ आणि दोन कचरापेट्या बसविण्याची मागणी असावी. त्या अर्जावर आम्ही सर्वांच्या आधी सही करू. आणि सही करून झाल्यावर सगळे मिळून कोपऱ्यावरच्या गाडीवर चहा घेऊ. ती तोपर्यंत जागेवर असली, म्हणजे झाले.