नातवंडांची फी आणि आपली पेन्शन

नातू सैन्यातून सुटला की घरात फीचा विषय निघतो आणि आपला हात पेन्शनच्या पैशाकडे जातो. जरा थांबा. सरकारी अनुदानाच्या विद्यापीठात किंवा कॉलेजात पदवीची फी सारखीच. खासगीत साधारण तिप्पट. सुटताना मिळणारे पिकादोन शिक्षणाला वापरता येते. ‘पेराख’मध्ये एखाद्या मुलाला शिकवले तर शिष्यवृत्ती मिळते.

पण 2023 च्या युद्धापासून राखीव सैनिकांना वरचेवर बोलावणे येते, पदवी लांबते, खोलीचे भाडे मात्र चालूच राहते. खरा खड्डा तिथे पडतो. प्रवेश सोपा म्हणून माझी नात खासगीत निघाली होती. मी म्हटले, बाळ, सायकोमेट्रिक पुन्हा दे. भाड्याला मी हातभार लावीन, पण माझ्या औषधांचे पैसे मोडून नाही.