थंडीतील कोबा

शिकागो, टोरांटो यांसारख्या शहरांत इमारतीचा पाया जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली न्यावा लागतो. एवढी खोदाई झालीच, म्हणून तेथे तळघर काढतात आणि दुकानदाराला माल साठविण्याची जागा मिळते. त्या तळघराचा कोबा ऐन हिवाळ्यात करण्याची वेळ आली, की मालकाची ओढ एकच असते : काम उरकावे आणि माल उतरवावा.

सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून कठीण होते. हवा ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागली, की हा संयोग फारच मंदावतो. काँक्रीटचे तापमान १० अंशांनी घटले, तर घट्ट होण्यास साधारणपणे दुप्पट वेळ लागतो. त्यातच आतील पाणी गोठले, तर ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते व कोवळ्या काँक्रीटला आतून तडे पाडते. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलो भार पेलण्याइतके बळ येईपर्यंत त्यास एकदाही गोठू देता कामा नये. नंतर कितीही ऊब दिली, तरी गेलेले बळ पुरतेपणी परत येत नाही.

म्हणून जाणता ठेकेदार गोठलेल्या मातीवर काँक्रीट ओतीत नाही; ती वितळताच कोबा खचतो. तो आधी माती उबवितो, गरम पाण्यात कालविलेले मिश्रण मागवितो, वर आलेले पाणी निघून गेल्यावरच घोटाई करतो आणि कोब्यावर उबदार आच्छादन घालतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळले, तर आतील सळया गंजण्याची भीती असते.

सर्वांत घातक चूक शेगडीची. बंद तळघरात धुराडे नसलेली शेगडी पेटविली, तर तिच्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे ताज्या कोब्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि पुढे त्याची धूळ सुटत राहते. कार्बन मोनॉक्साइड त्याहून भयंकर. त्यास रंग नाही, वास नाही. राखणीस बसलेला मजूर झोपेतच दगावू शकतो. धूर बाहेर सोडणारी भट्टी व खेळती हवा यांची तजवीज मालकाने ठेकेदाराशी दर ठरवितानाच करून घ्यावी.

माल आठ दिवस उशिरा उतरला, तर आठ दिवसांचे भाडे जाते. कोबा फोडून पुन्हा करावा लागला, तर भाड्यासह मजुरी आणि सामानही जाते. मजुराचा जीव गेला, तर ती तूट कोणत्याही वहीत भरून निघत नाही.