शोक हा काही संसर्ग नाही, पुस्तकातून तो लागत नाही

जोडीदार गेला की मागे राहिलेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात : “मन रमवा, दुःखाचं काही वाचू नका.” सल्ला प्रेमापोटी असतो, पण चुकीचा आहे.

शोक हा मुळात आजार नव्हे. सुरुवातीच्या महिन्यांत झोप उडणे, भूक मंदावणे, गेलेल्या माणसाची चाहूल लागणे हे स्वाभाविक आहे. सहा महिन्यांनंतरही तीच तीव्र ओढ कायम असेल आणि रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो ‘दीर्घकालीन शोकविकार’ असू शकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ प्रौढांसाठी हीच मुदत एक वर्ष धरतात. त्यांच्या लक्षणांच्या यादीत एक लक्षण आहे : मृत्यूची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळत राहणे. म्हणजे आपण उपाय म्हणून जे सांगतो, ते अति झालं तर चक्क लक्षण ठरतं! या विकाराच्या समुपदेशनात रुग्णाला हळूहळू त्या आठवणींकडेच नेलं जातं.

म्हणून मी शांत, संथ कादंबऱ्यांची बाजू घेतो. उदाहरणार्थ, केंट हॅरफ यांची ‘अवर सोल्स ॲट नाइट’. फुफ्फुसाच्या आजाराने थकलेल्या या अमेरिकी लेखकाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षात ती लिहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते गेले आणि २०१५ मध्ये पुस्तक आलं. दोनशेहून कमी पानं, सोपं इंग्रजी. कोलोरॅडोतल्या छोट्या गावात राहणारी विधवा ॲडी शेजारच्या विधुर लुईसला विचारते, रात्री माझ्याकडे येशील का? शरीरसंबंधांसाठी नाही, अंधारात शेजारी पडून बोलायला.

गाव कुजबुजतं. सर्वांत जास्त चिडतो तो तिचा मुलगा, आणि नातवाला भेटू देणार नाही अशी धमकी देतो.

ही गोष्ट फक्त अमेरिकेची आहे का? आपल्याकडेही आईला झोप लागत नाही म्हणून मुलं तिला डॉक्टरांकडे आणतात आणि “झोपेची गोळी द्या” म्हणतात. तीच आई कुणाशी तासभर फोनवर बोलली, तर “या वयात शोभतं का?” असं तिला विचारतात. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, वृद्धांमध्ये तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. रात्रीचं एकटेपण मात्र गोळीने जात नाही. गप्पांना लाजायचं आणि गोळीला लाजायचं नाही, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, डॉक्टर, कादंबरीने आजार बरा होतो का? नाही. जगण्याची इच्छा उरली नसेल, आत्महत्येचे विचार येत असतील, वजन झपाट्याने घटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखत असेल तर ते मनाचंच आहे असं घरबसल्या ठरवू नका.

पण बाकीच्यांसाठी अशी कादंबरी एक काम नक्की करते : जे बोलता येत नव्हतं, त्याला शब्द देते. रोज दहा पानं पुरेत. रडू आलं तर येऊ द्या. जड वाटलं तर थांबा, कुणी परीक्षा घेणार नाही.

आणि मुलांनो, पुस्तक आधी तुम्ही वाचा. त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मग आईच्या फोनबद्दल काय बोलायचं ते ठरवा.