पोलीसराज मोजायचं माप एकच ठेवा

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. त्याचा संताप तुम्हालाही आला असणार, तो नव्याने पेटवायची गरज नाही. आमची चीड आहे ती त्यानंतर चौकाचौकांत निघालेल्या पहिल्या प्रश्नावर : सरकार कुणाचं? आपलं असेल तर ‘दुर्दैवी घटना’, त्यांचं असेल तर ‘पोलीसराज’. झेंडा बघून शब्द बदलणारी ही सवय कोठडीच्या भिंतीइतकीच निर्दय आहे.

याच सवयीचा दाखला घ्या : आणीबाणीत महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यांना महाराष्ट्राने २०१८ साली दरमहा दहा हजार रुपये सुरू केले, २०२० साली सरकार बदलल्यावर बंद केले, २०२२ साली पुन्हा बदलल्यावर पुन्हा सुरू केले. बंदिवास तोच, बंदिवान तेच! आणि या तिन्ही वेळा १९८१ चा एमपीडीए कायदा जागच्या जागी होता. त्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त एका सहीने माणसाला स्थानबद्ध करू शकतो, आणि सरकारने मान्यता दिली की ही कैद वर्षभर चालू शकते. आदेशाला जोडलेले जबाब पुष्कळदा ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांचे असतात, नावं झाकलेली. हा आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क त्या माणसाला नाही. आणीबाणीत मिसा कायद्याखाली झालेल्या विनाचौकशी कैदेला जुलूम म्हणणाऱ्यांनी या कैदेला काय म्हणायचं ते सांगावं.

‘आणीबाणीशी तुलना कशी करता?’ असं दरडावून विचारलं जातं. तुलना केल्याशिवाय फरक कळणार कसा? २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दारच बंद केलं. आज ते दार उघडं आहे, आणि हा फरक मोठा आहे. पण तोही मापानेच कळतो : गुन्हा शाबीत न होता सरकार माणसाला किती दिवस कोंडू शकतं? ‘आम्ही फक्त गुंडांवर आणि अतिरेक्यांवर वापरतो’ हे तर सर्वांत संतापजनक. गुंड कोण हे न्यायालयाने ठरवायचं की फौजदाराने? १९८५ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली ७६ हजारांहून जास्त माणसं धरली, शिक्षा दोन टक्क्यांनाही झाली नाही. टाडा एकांनी आणला, २००२ चा तसाच पोटा कायदा दुसऱ्यांनी. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्राविना १८० दिवसांची कोठडी २००८ साली आली, एकट्या व्यक्तीला दहशतवादी ठरवण्याची तरतूद २०१९ साली. विरोधात असताना ओरडायचं आणि खुर्चीवर बसताच तेच हत्यार परजायचं, हे सगळ्यांना जमतं, कारण आपण त्यांना जमू देतो.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने सल्लागार मंडळाच्या मताशिवाय डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणण्याची तरतूद केली. ते कलम लागू करायला केंद्राची एक अधिसूचना पुरे. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. ती अधिसूचना एकानेही काढली नाही. दारात मत मागायला येणाऱ्याला, झेंडा कुठलाही असो, तीच मागा.