समान संधीचा बोर्ड आहे, संधी कुठाय?

लॉच्या पहिल्या वर्षी राज्यघटना हातात आली की लगेच भेटतं ते कलम 14. कायद्यापुढे सगळे समान. मग 15, मग 16. परीक्षेला हमखास येणारे प्रश्न, त्यामुळे झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं सांगतात. आणि हे सगळं जिथे शिकवतात त्या डिपार्टमेंटच्या बाहेर एक बोर्ड असतो, ‘समान संधी कक्ष’. या निमित्ताने दोन-तीन डिपार्टमेंट्समधल्या मित्रमैत्रिणींना विचारलं, तुमच्या कक्षात कोण बसतं? कुणालाच माहीत नव्हतं. एका ठिकाणी बोर्डावर ज्यांचं नाव आहे ते सर रिटायर होऊन गेलेत.

हा बोर्ड कुणाच्या कृपेने लागलेला नाही. यूजीसीने 2012 मध्ये नियम केले, प्रत्येक विद्यापीठाने आणि कॉलेजने समान संधी कक्ष स्थापन करावा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकायला अधिकारी नेमावा म्हणून. कागदावर सगळं चोख आहे. पण कक्ष नीट चालवला तरी एक गोष्ट त्याच्या रजिस्टरमध्ये कधीच येणार नाही. कारण तिची तक्रार करता येत नाही. कुणी शिवी दिलेली नसते, कुणी हाकललेलं नसतं. फक्त मूट कोर्टची टीम जाहीर होते आणि त्यात दरवर्षी एकाच प्रकारची मुलं असतात.

प्रवेशापर्यंत आपल्याकडे दार बऱ्यापैकी उघडं आहे. आरक्षण आहे, राज्याची लॉ सीईटी मराठीतून देता येते. (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट मात्र इंग्रजीतूनच, ते दार वेगळं.) त्यामुळे वर्गात बसलेली मुलं पाहिली तर परभणी, नंदुरबार, दादर, कोथरूड सगळं एका बाकावर. फोटो काढला तर विविधतेची जाहिरात होईल. पण प्रवेश मिळणं आणि सामावून घेतलं जाणं यात केवढं अंतर असू शकतं, ते नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना विचारायला हवं होतं. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. बाईला पदवी देत नाहीत म्हणून पदवी हातात पडली 1922 मध्ये. तीस वर्षं! परीक्षेला बसायची परवानगी मात्र मिळाली होती, हे विशेष.

आजची गाळणी इतकी उघड नाही. ती भाषेत आहे.

जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, सातबारा आणि फेरफार मराठीत, साक्षीदार तर मराठीतच बोलणार. म्हणजे मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशीच वकिलीचं निम्मं हत्यार घेऊन वर्गात येते. ज्यांना ‘दस्तऐवज’ आणि ‘जबाब’ वाचताना अडखळायला होतं, त्यांना मात्र कुणी ‘वीक स्टुडंट’ म्हणत नाही. वीक कोण? जी उत्तर माहीत असूनही इंग्रजी वाक्य जुळवण्यात दहा सेकंद घालवते ती. त्या दहा सेकंदांत पुढच्या बाकावरून उत्तर आलेलं असतं. असं सहा महिने झालं की ती हात वर करणं सोडून देते आणि प्राध्यापकांच्या लेखी ती ‘पार्टिसिपेट करत नाही’.

इंग्रजी नको असं इथे कुणीच म्हणत नाहीये. घटनेच्या कलम 348 मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, ती शिकावीच लागेल. प्रश्न एवढाच की ती शिकवायची जबाबदारी डिपार्टमेंटची, की शाळेतून घेऊन यायची? शाळेतून आणलेल्या इंग्रजीला आपण हुशारी म्हणतो. सरन्यायाधीश झालेले भूषण गवई मराठी माध्यमात शिकलेले, कायद्याची पदवी अमरावतीतून घेतलेले. त्यांचं उदाहरण प्रत्येक स्वागत समारंभात दिलं जातं. ते द्यावंच. पण एकच उदाहरण वारंवार द्यावं लागतं, यात काहीतरी कळतंच ना?

दुसरी गाळणी पैशांची. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. नियम चांगला आहे. फक्त ती कुठे करायची आणि कशी मिळवायची हे तुमचं तुम्ही बघा. ज्याचे काका हायकोर्टात आहेत त्याला एका फोनवर मिळते. ज्याच्या घरात वकील सोडा, पदवीधरही नाही, तो पन्नास ईमेल पाठवतो आणि शेवटी तालुक्याच्या वकिलांकडे फाइली लावतो. मुंबईत मिळालीच, तर महिनाभर राहायचं कुठे, खायचं काय? स्टायपेंड हा शब्द बऱ्याच चेंबर्समध्ये अजून पोचलेला नाही. (पत्रकारितेतही फारसं वेगळं नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) सीव्हीवर मात्र दोघांच्या नावापुढे फक्त ‘इंटर्नशिप’ लिहिलेलं नसतं, कुणाकडे केली तेही असतं. पहिली नोकरी त्यावर ठरते.

पुढे काय होतं त्याचा एक आकडा सरकारनेच दिलाय. 2018 ते 2022 या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायाधीशांपैकी सुमारे 79 टक्के खुल्या प्रवर्गातले होते. याचा दोष कुठल्या एका इंटर्नशिपवर टाकता येणार नाही, त्यात नेमणुकीच्या पद्धतीपासून बरंच काही येतं. पण न्यायाधीश वकिलांतून निवडले जातात, मोठे वकील मोठ्या चेंबर्समधून घडतात आणि तिथलं पहिलं पाऊल कॉलेजच्या सुट्टीत पडतं. ही साखळी डिपार्टमेंटला दिसत नसेल असं वाटत नाही.

सगळ्यात बोचणारी गोष्ट अपंग विद्यार्थ्यांबाबतची. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, केवळ अंध आहे म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या निवड प्रक्रियेतून वगळता येणार नाही. अभिमानाने शिकवावा असा निकाल. तो ग्रुपवर येतो कसा? झेरॉक्सचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, त्याची पीडीएफ. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तो नुसता कोरा कागद. फाइल नीट टाइप केलेली द्यायला ना बजेट लागतं, ना समिती.

‘पण मग मेरिटचं काय?’ हा प्रश्न आता येणारच. मेरिट हवंच. फक्त कशाचं मोजतोय ते एकदा ठरवू या. मूटच्या निवडीत मुद्देसूद युक्तिवाद मोजायचा की उच्चार? एक फेरी मराठीत ठेवून बघा. तलाठ्याची उलटतपासणी, जमिनीचा वाद, साक्षीदार अस्सल गावचा. इंग्रजी फेरीतले टॉपर तिथे घामाघूम होतील आणि शेवटच्या बाकावरचं कुणीतरी खणखणीत बोलेल. दोन्ही फेऱ्यांचे मार्क धरा, त्यातून टीम काढा. त्याला मेरिट म्हणायला माझी काही हरकत नाही.

इंटर्नशिपचंही तसंच. माजी विद्यार्थ्यांची यादी प्रत्येक डिपार्टमेंटकडे असते, ती फक्त स्नेहसंमेलनाच्या वर्गणीसाठी बाहेर निघते. त्यांच्याकडच्या जागा डिपार्टमेंटने मागून घ्याव्यात, नोटीस बोर्डावर लावाव्यात, अर्ज सगळ्यांचे यावेत. बाहेरगावी जाणाऱ्यांना प्रवासखर्च आणि हॉस्टेलची सोय मिळावी. वर्गणी यासाठी मागितली तर माजी विद्यार्थी आनंदाने देतीलही.

आणि तुम्ही लॉला असाल तर एक काम तुमच्याकडे. गेल्या पाच वर्षांत बाहेरच्या मूटला कोण कोण गेलं, कुठल्या माध्यमातून शिकलेलं होतं, त्यांच्या घरात आधी कुणी वकील होतं का, ही माहिती डिपार्टमेंटकडे मागा. नसेल तर तुम्हीच गोळा करा. एका दुपारचं काम आहे. यंदाच्या निवडीची नोटीस लागेल तेव्हा ती कुठल्या भाषेत लागते आणि बोर्डावर यायच्या आधी कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, तेही जरा बघून ठेवा.